कमाई हंगामाची, भूक बारमाही

भाईंदरच्या पश्चिमेला समुद्रकाठी उत्तन नावाचे गाव आहे. पावसाळा तोंडावर आला की तेथील कोळी आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, त्यांवर आच्छादन घालतात आणि दर्या शांत होईपर्यंत जाळी दुरुस्त करीत बसतात. शेतकरीही पेरणी आटोपली की नांगर स्वच्छ करून पडवीत ठेवतो. होडी आणि नांगर ही कष्टाची साधने खरी. पण ती निर्जीव आहेत. काम नसले म्हणून त्यांना भूक लागत नाही, की थंडीवाऱ्याने ताप येत नाही. हंगाम सरला की त्यांना चार महिने विसरले तरी चालते.

ज्याचा धंदा जिवंत जनावराच्या बळावर चालतो, त्याला मात्र अशी मुभा नसते. हंगाम संपतो, गिऱ्हाईक घरी जाते, पैशाची आवक थांबते. पण दारातले जनावर रोज सकाळी दाण्यासाठी मान वर करून पाहतच असते. अशा माणसाचे वर्ष कसे जाते, हे समजून घेण्यासाठी फार दूर जावयास नको. आपल्या महाराष्ट्रातच, माथेरानच्या डोंगरावर, असा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे.

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्क वसाहतीत राहणाऱ्या मुलांना पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत रिक्षा, मोटारी आणि बसगाड्या यांचे आवाज ऐकण्याची सवय असते. तेथून आगगाडीने दादरला यावे, मध्य रेल्वेची गाडी धरून नेरळला उतरावे आणि घाट चढून दस्तुरी नाक्याशी पोहोचावे. येथे मोटारींचा रस्ता संपतो. पुढे लागते ती तांबड्या मातीची वाट, दुतर्फा दाट झाडी आणि घोड्यांच्या टापांचा आवाज.

समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचे हे ठिकाण ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेत १८५० साली भरले. पुढे तेथे बंगले उभे राहिले आणि मुंबईचे लोक हवापालटासाठी येऊ लागले. १९०७ साली नेरळहून वर जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडी सुरू झाली. माथ्यावर मोटारींना पूर्वीपासूनच बंदी होती. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान व त्याच्या भोवतालचा प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून घोषित केला. रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी एवढाच काय तो मोटारींचा अपवाद राहिला. त्यामुळे माणसे चालत, घोड्यावर बसून किंवा हातरिक्षाने जाऊ लागली. आणि भाजीपाला, किराणा, स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या असे सारे ओझेही घोड्यांच्या पाठीवरून घरोघर पोहोचू लागले. प्रवाशांना फिरविणारे परवानाधारक घोडेच तेथे चारशेहून अधिक आहेत. घोडा हा माथेरानचा केवळ शोभेचा प्राणी नव्हे. त्याच्यावर कित्येक कुटुंबांची चूल पेटते.

प्रवाशाला घोड्याची ओळख होते ती अर्ध्या-एक तासापुरती. जीन कसलेला, अंग चमकणारा घोडा समोर उभा राहतो, आपण रिकिबीत पाय घालून वर चढतो आणि सहल करून उतरतो. त्या अर्ध्या तासामागे घोडेवाल्याचा सबंध दिवस उभा असतो. सूर्योदयापूर्वी पागेतील लीद काढून जागा कोरडी करावी लागते. मग खरारा. खराऱ्याने अंगावरची धूळ व मेलेले केस निघतात, रक्ताभिसरण सुधारते. आणि महत्त्वाचे म्हणजे जिनाखाली कोठे कातडी सोलवटली आहे का, हे हाताला कळते. नंतर चारही पाय एकेक करून उचलावयाचे आणि खुरांत रुतलेले खडे व चिखल आकड्याने काढावयाचा. घोड्याचे खूर आपल्या नखांप्रमाणे सतत वाढत असतात. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलावून जुने नाल काढणे, खूर तासणे आणि नाल पुन्हा ठोकणे भाग असते. हे काम टाळले तर चालताना पाय वाकडा पडतो, आणि पायाने अधू झालेला घोडा हा घोडेवाल्याच्या घरातला मोठाच आजार होय.

आता खाण्याचा विचार करू. गायीप्रमाणे घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकता येत नाही. म्हणून त्याला थोडेथोडे, पण दिवसभर खावे लागते. एकाच वेळी भरमसाट दाणा चारला किंवा बुरशी लागलेले गवत पोटात गेले, तर पोटशूळ उठतो आणि तो जिवावर बेततो. साधारण ३५० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला सात-आठ किलो कोरडा चारा लागतो. शिवाय काम करणाऱ्या घोड्याला तोबऱ्यातून चंदी द्यावी लागते आणि वीस-तीस लिटर पाणी पाजावे लागते. उन्हाळ्यात त्याहूनही अधिक.

येथे एक सोपे गणित करून पाहा. दिवसाला आठ किलो चारा धरला, तर वर्षाला २,९२० किलो होतो. म्हणजे एका घोड्यासाठी जवळजवळ तीन टन चारा! माथेरानच्या डोंगरावर कुरणे नाहीत. आहे ते राखीव जंगल. त्यामुळे हा चारा बव्हंशी खालून आणावा लागतो. तो घेण्यासाठी पैसा लागतो आणि पैसा येतो तो प्रवाशांकडून. प्रवासी मात्र वर्षाचे सर्व दिवस सारख्या संख्येने येत नाहीत. घोडेवाल्याच्या जीवनातील खरी अडचण नेमकी येथे आहे.

दिवाळीच्या सुट्टीपासून हंगामाला आरंभ होतो. आकाश निवळलेले असते, वाटा कोरड्या होऊ लागतात आणि हवेत गारवा असतो. नाताळच्या दिवसांत गर्दी आणखी वाढते. घोड्याला ही हवा मानवते. तो कमी थकतो आणि त्याची भूक चांगली असते. चतुर घोडेवाला याच दिवसांत जनावराच्या अंगावर मांस धरू देतो आणि हाती आलेल्या पैशातून पुढची तजवीज करू लागतो.

एप्रिल आणि मे हे कमाईचे मोठे महिने. शाळांना सुट्ट्या लागतात आणि मुंबई-पुण्याकडची कुटुंबे डोंगर चढून येतात. पण जेव्हा पैसा सर्वांत जास्त तेव्हाच जनावराला धोकाही सर्वांत जास्त असतो. तांबडी धूळ नाकातोंडात जाते, घामाने जिनाखालची कातडी भिजते आणि एकामागून एक गिऱ्हाईक उभे असते. ‘आणखी एक फेरी’ हा मोह आवरणे कठीण जाते. अशा वेळी माणसाच्या दयाबुद्धीवर सर्व काही सोपवून चालत नाही, म्हणून कायद्याने काही मर्यादा घातल्या आहेत. प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला. त्यासाठी राज्यसभेच्या सदस्य आणि विख्यात नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मोठा प्रयत्न केला होता. या कायद्याखाली १९६५ साली ओझ्याच्या जनावरांसंबंधी नियम करण्यात आले. जनावराकडून दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये. सलग पाच तासांहून अधिक काळ विश्रांतीवाचून राबवू नये. जेथे तापमान ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात त्याला कामाला लावू नये. आणि तट्टाच्या पाठीवर ७० किलोंहून अधिक ओझे लादू नये, असे हे नियम सांगतात.

मग जून महिना उजाडतो. माथेरानला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो; म्हणजे मुंबईच्या दुपटीहून अधिक, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत. नेरळहून माथ्यापर्यंत येणारी छोटी गाडी पावसाळ्यात बंद ठेवतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने तर तिचा मार्ग इतका उद्ध्वस्त केला की ती पुन्हा सुरू होण्यास २००७ साल उजाडले. सुट्टीच्या दिवशी हौशी मंडळी भिजावयास येतात, नाही असे नाही; पण बाकीचे दिवस वाटा ओस असतात.

घोडेवाल्याचे काम मात्र याच दिवसांत वाढते. सतत ओल्या जमिनीवर उभे राहिल्याने खुरांचा तळ मऊ पडून कुजू लागतो. म्हणून पागेची जमीन कोरडी राखावी लागते. ओल्या अंगावर जीन कसले तर जखमा होतात. पावसाळ्यात माजणाऱ्या चावऱ्या माश्या ‘सर्रा’ नावाचा रक्तातील आजार पसरवितात. त्यात घोड्याला ताप येतो आणि तो खंगत जातो. गवताला दमट हवेने बुरशी धरते, तेव्हा ते आधीच उंच माळ्यावर रचून ठेवलेले बरे. चार महिन्यांचे १२० दिवस आणि दिवसाला आठ किलो, असा हिशेब केला तर ९६० किलो, म्हणजे जवळजवळ एक टन चारा नुसत्या पावसाळ्यासाठी लागतो. हा चारा पावसाळ्याच्या मिळकतीतून येत नाही. तो मे महिन्याच्या कमाईतूनच बाजूला काढावा लागतो. ज्याने तो काढला त्याचा घोडा दसऱ्याला ताठ मानेने उभा राहतो. ज्याने काढला नाही त्याच्या घोड्याच्या बरगड्याच मालकाचा हिशेब लोकांना दाखवितात.

हे दुखणे केवळ माथेरानचे नव्हे. आपल्याकडे मंदी आणतो तो पाऊस. पृथ्वीच्या उत्तर टोकाकडील बर्फाळ देशांत ती आणतो उन्हाळा. अलास्का, कॅनडा, नॉर्वे, फिनलंड, ग्रीनलंड या प्रदेशांत घोड्यांऐवजी कुत्रे पाळून त्यांच्या बळावर प्रवासी फिरविणारे लोक आहेत. बर्फावरून घसरत जाणाऱ्या बिनचाकी गाडीला दहा-बारा कुत्र्यांची जोडणी करतात. सर्वांत पुढे हुशार आणि शांत स्वभावाचे कुत्रे असतात. चालकाची हाक ऐकून उजवी-डावी वाट तेच धरतात. गाडीच्या लगत असतात ते बळकट कुत्रे. या खेळात लगाम नाही. सारा व्यवहार आवाजावर आणि विश्वासावर चालतो.

या कुत्र्यांच्या पराक्रमाची एक गोष्ट जगप्रसिद्ध आहे. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातील नोम या गावी घटसर्पाची साथ आली. औषध दूर होते आणि हिवाळ्याने सर्व मार्ग बंद केले होते. तेव्हा सुमारे वीस चालकांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने धावून सुमारे १,०८५ किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत तोडले आणि औषध पोहोचविले. टोगो आणि बाल्टो ही त्यांतील दोन अग्रेसर कुत्र्यांची नावे आजही तेथील मुलांच्या तोंडी आहेत.

परंतु या शूर कुत्र्यांनाही ऋतूची मर्यादा आहे. त्यांच्या अंगावर दुहेरी लोकर असते. शून्याखाली दहा-वीस अंशांच्या थंडीत ते आनंदाने धावतात. हवा उबदार झाली की मात्र त्यांना धाप लागते, कारण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. म्हणून उन्हाळ्यात गाडी ओढणे बंद. लोकर झडते, पिले मोठी होतात, म्हातारे कुत्रे सावलीत पडून राहतात. पाहुण्यांना कुत्र्यांची घरे आणि पिले दाखवून मालक थोडी मिळकत करतो. शरद ऋतूत हवा थंड होऊ लागली की पहाटेच्या गारव्यात चाके लावलेल्या गाड्या ओढावयास लावून कुत्र्यांचे अंग पुन्हा कामाला आणतात. तीस-चाळीस कुत्र्यांची पोटे मात्र बाराही महिने भरावी लागतात. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारा एकेक कुत्रा दिवसाला दहा हजार किलोकॅलरी इतके अन्न खातो; प्रौढ माणसाच्या आहाराच्या हे चौपट झाले.

अलीकडे या लोकांपुढे एक नवेच संकट उभे राहिले आहे. पृथ्वीचे तापमान वाढत असल्याने बर्फ उशिरा पडतो आणि लवकर वितळतो. अलास्कात १९७३ पासून अँकरेज ते नोम अशी कुत्र्यांच्या गाड्यांची मोठी शर्यत भरते. मार्गावर पुरेसा बर्फ नसल्याने तिचा आरंभ २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ या वर्षी अधिक उत्तरेकडील फेअरबँक्स या गावाहून करावा लागला. ग्रीनलंडमधील गाडीच्या कुत्र्यांची संख्या गेल्या दोन-अडीच दशकांत निम्म्याच्या आसपास आली आहे. समुद्रावरचा बर्फ पातळ झाला आणि त्याच वेळी यांत्रिक गाड्याही आल्या. कमाईचे दिवस कमी झाले. भुकेचे दिवस मात्र तेवढेच राहिले.

अशा वेळी माणसाची खरी परीक्षा होते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० साली प्रवासी फिरविणाऱ्या एका व्यवसायातील कित्येक कुत्रे मारून टाकण्यात आले. ही गोष्ट पुढच्या वर्षी उघडकीस आली, तेव्हा लोक संतापले. २०१२ साली त्या प्रांताच्या सरकारने अशा कुत्र्यांचे पालनपोषण, आरोग्य आणि त्यांचे निवृत्तीचे दिवस यांविषयी नियम घालून दिले. ज्याने आपल्यासाठी धाव घेतली त्याला, त्याचे पाय थकले किंवा गिऱ्हाईक आटले म्हणून टाकून देता येत नाही, हे तत्त्व त्या नियमांनी मान्य केले.

आपल्याकडेही असा प्रश्न उभा राहिला आहे. मुंबईत गेटवे ऑफ इंडिया आणि नरिमन पॉइंट या भागांत प्रवाशांना फिरविणाऱ्या सजविलेल्या घोडागाड्या होत्या. शहरात घोड्यांचे हाल होतात म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली त्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. आणि त्याबरोबरच घोड्यांच्या व त्यांवर पोट भरणाऱ्या माणसांच्या पुनर्वसनाचाही विचार करावयास सांगितले. माथेरानमध्ये २०२२ च्या डिसेंबरात प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा धावू लागल्या. शाळकरी मुले, वृद्ध आणि रुग्ण यांची त्यामुळे सोय झाली. पण घोडेवाल्यांना आपल्या पोटावर पाय येईल अशी भीती वाटून त्यांच्या संघटनेने विरोध केला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करावी आणि ती ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळवून देऊन सामावून घ्यावे, असा निर्णय दिला. एका माणसाचे ओझे दुसऱ्या माणसाने ओढावे, ही गोष्ट माणुसकीला शोभणारी नव्हतीच.

साधने बदलतात, ती बदलावीतही. परंतु यंत्राची जागा दुसऱ्या यंत्राने घेतली तर जुने यंत्र भंगारात जाते. जनावराची जागा यंत्राने घेतली तर जनावर जाणार कोठे? घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. त्याच्या कामाची वर्षे त्याहून कमी असतात. म्हणून कोणताही बदल घडविताना त्या जनावराच्या उरलेल्या आयुष्याचा आणि त्याच्या मालकाच्या पोटाचा विचार बदलाच्या आराखड्यातच लिहिलेला असावा. तो मागाहून करू म्हटले, तर तो बहुधा होतच नाही.

यात तुमचाही थोडा वाटा आहे. उद्या तुम्ही माथेरानला गेलात आणि घोड्यावर बसण्याची इच्छा झाली, तर आधी त्याच्याकडे नीट पाहा. पाठीवर जखम असलेल्या, लंगडणाऱ्या किंवा बरगड्या दिसणाऱ्या घोड्यावर बसू नका. एका घोड्यावर दोघे बसू नका. त्याला पळविण्याचा आग्रह धरू नका. आणि घोडा धडधाकट असेल, मालक त्याच्याशी मायेने वागत असेल, तर ठरलेल्या दरात उगाच घासाघीस करू नका. तुम्ही दिलेले भाडे अर्ध्या तासाच्या फेरीचे असते, असे तुम्हांला वाटेल. पण त्यात नालबंदाची मजुरी आहे, खराऱ्याची पहाट आहे आणि आषाढातल्या मुसळधार पावसात, एकही प्रवासी वाटेवर नसताना, पागेत उभ्या असलेल्या त्या मुक्या जिवाच्या पुढ्यात पडणारी गवताची पेंढीही आहे.